सत्तरीत मेंदूचे खेळ सुरू करताना

साठी उलटली की विसरण्याची धास्ती मनात घर करते. ओळखीच्या माणसाचे नाव ओठांवर येऊन अडकते. कपाट उघडले जाते, पण ते कशासाठी उघडले हेच आठवत नाही. मग घरातले कुणीतरी म्हणते, ‘आई, तू ते डोक्याचे खेळ का सुरू करत नाहीस?’ नात मोबाइलवर एखादे ॲप घालून देते, किंवा वर्तमानपत्रातले सुडोकू रोज सोडवायचे असा नेम ठरतो.

सुरुवात जरूर करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पण कशाची सुरुवात करतो आहोत हे आधी समजून घ्यावे. मेंदूला दिलेला सराव फार नेमक्या जागी लागू पडतो. जो खेळ खेळाल त्यात हात बसतो. तो बसलेला हात दुसऱ्या कामात उपयोगी पडेलच असे नाही. आणि एखाद्या खेळात हात पूर्ण बसला, की त्या खेळाने जे द्यायचे ते देऊन झालेले असते. वर्षानुवर्षे तोच खेळ खेळत राहणाऱ्या माणसाला विरंगुळा मिळतो, आणि विरंगुळ्याचीही गरज असतेच. पण तिथे मेंदूला नवे कष्ट पडत नाहीत.

नेमके काय मंदावते

वय वाढले की सगळी बुद्धी एकदम उताराला लागते, हा समज चुकीचा आहे. शब्दसंपत्ती साठीपर्यंत आणि कित्येकांची त्यापुढेही वाढत राहते. अनुभवाने आलेली जाण, माणसांची पारख, आपल्या व्यवसायातले ज्ञान हे सहसा टिकून राहते. कमी होतो तो मेंदूचा वेग, आणि तोही तिशीपासूनच हळूहळू. सत्तरीत तो जाणवण्याइतका कमी झालेला असतो इतकेच. टिमोथी सॉल्टहाऊस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये मांडलेला विचार इथे फार उपयोगी आहे. कामाचा वेग मंदावला, की विचाराचा दुसरा भाग तयार होईपर्यंत पहिला भाग मनातून निसटून जातो. बाहेरून पाहणाऱ्याला तो विसरभोळेपणा वाटतो, पण मुळात घोळ वेगाचा असतो.

घरातलेच उदाहरण घेऊ. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या आहेत, तेवढ्यात दाराची बेल वाजते, दारात कुरिअरवाला ओटीपी मागतो आणि मागून फोन वाजू लागतो. तीस वर्षांच्या सुनेच्या डोक्यात या तिन्ही गोष्टी एकमेकींना धक्का न लावता मावतात. बाहत्तर वर्षांच्या सासूबाई ओटीपी बरोबर सांगतात, पण शिट्ट्या किती झाल्या ते हातून जाते. त्यांची स्मरणशक्ती गेलेली नसते. एकाच वेळी दोन ठिकाणी लक्ष ठेवण्याची ताकद कमी झालेली असते. समारंभात ओळख करून दिलेल्या माणसाचे नावही पुष्कळदा विसरलेले नसते. ते गोंगाटात नीट नोंदलेच गेलेले नसते.

याउलट याच सासूबाईंना पावकी, निमकी, सवायकी, दीडकी घडाघडा येते. नातवंडांना त्याचे कौतुक वाटते, आणि वाटावेच. मात्र लहानपणी घोटून घेतलेले पाढे म्हणणे हा मेंदूचा व्यायाम होत नाही. ती वाट इतकी मळलेली असते की तिच्यावरून चालायला लक्ष द्यावेच लागत नाही. सत्तरीत सुरू करायचा खेळ याच्या नेमका उलट हवा.

धास्ती कितपत खरी, हेही इथे सांगायला हवे. भारतभरातल्या ज्येष्ठांच्या तपासणीवरून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश आहे. आकडा मोठा आहे, त्याची काळजी घ्यायलाच हवी. पण साठीपुढच्या दर शंभरांतले नव्वदहून अधिक लोक या आजारापासून दूर आहेत, हेही त्याच आकड्यात आहे.

बाजारातली आश्वासने

२००५ मध्ये निन्टेंडो या जपानी कंपनीने तोहोकू विद्यापीठातले र्‍यूता कावाशिमा यांच्या नावाने हातात धरायच्या यंत्रावरचा मेंदूचा खेळ बाजारात आणला. पटापट बेरजा करा, शब्द मोठ्याने वाचा आणि तुमच्या ‘मेंदूचे वय’ जाणून घ्या, असे त्याचे स्वरूप होते. तो जगभर खपला. पाठोपाठ इंटरनेटवर आणि मोबाइलवर अशा खेळांचे पीक आले.

शास्त्रज्ञांनी मग हे खेळ तपासायला घेतले. बीबीसीच्या प्रेक्षकांना हाताशी धरून केंब्रिजच्या एड्रियन ओवेन यांनी केलेल्या प्रयोगात ११,४३० जणांनी सहा आठवडे संगणकावर सराव केला. निकाल २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये आला: जे खेळ खेळले त्यांत सगळे सुधारले, पण ज्यांचा सराव केला नव्हता त्या चाचण्यांत, अगदी त्याच खेळांशी नाते सांगणाऱ्या चाचण्यांतसुद्धा, सुधारणा दिसली नाही. हे लोक १८ ते ६० वयाचे होते, त्यामुळे ज्येष्ठांचा प्रश्न यातून सुटला असे म्हणता येत नाही; तरी निकाल स्पष्ट होता.

जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ‘लुमॉसिटी’ नावाचे मेंदूचे खेळ चालवणाऱ्या कंपनीवर फसव्या जाहिरातींचा आरोप ठेवला. हे खेळ खेळल्याने वयानुसार येणारी बौद्धिक घसरण थांबते किंवा लांबते, असे सुचवायला पुरेसा आधार नव्हता, असे कमिशनचे म्हणणे होते. कंपनीने २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. आजही एखादे ॲप ‘स्मृतिभ्रंश टाळा’ असे छातीठोकपणे सांगत असेल, तर तेवढ्यावरूनच त्याच्यापासून दूर राहावे.

दहा बैठका आणि वीस वर्षे

या सगळ्यात एक चाचणी वेगळी उठून दिसते, आणि ज्येष्ठांसाठी तिच्याइतकी महत्त्वाची दुसरी मला माहीत नाही. तिचे नाव ‘ॲक्टिव्ह’. अमेरिकेतल्या सहा ठिकाणी १९९८ पासून ६५ ते ९४ वयाच्या २,८३२ लोकांना तिच्यात घेतले गेले. सरासरी वय ७३ च्या पुढे. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची चार गटांत वाटणी झाली. पहिल्या गटाला स्मरणाच्या युक्त्या शिकवल्या: यादीतल्या वस्तू गटांत बांधणे, चित्र डोळ्यांसमोर आणणे, गोष्टीतले मुख्य दुवे पकडणे. दुसऱ्या गटाला तर्काचा सराव दिला: अक्षरांच्या किंवा आकड्यांच्या मालिकेतली रीत ओळखून पुढचे अक्षर सांगायचे, आणि तीच नजर औषधांच्या किंवा बसच्या वेळापत्रकाकडे वळवायची. तिसऱ्या गटाला संगणकावर वेगाचा सराव होता. चौथ्याला काहीच नव्हते.

प्रत्येक सराव दहा बैठकांचा, एकेक बैठक तासा-सव्वातासाची, सगळे मिळून पाच-सहा आठवडे. काही जणांना साधारण एक वर्षाने आणि तीन वर्षांनी पुन्हा चार-चार उजळणीच्या बैठका दिल्या. म्हणजे सगळ्यात जास्त सराव झालेल्या माणसानेही एकूण वीस-बावीस तासच दिले. एवढासा सराव.

वेगाचा खेळ कसा होता ते जरा जवळून पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. पडद्याच्या मधोमध एक वाहन क्षणभर चमकून जाते, आणि ती मोटार होती की ट्रक ते सांगायचे असते. त्याच क्षणी पडद्याच्या कडेला कुठेतरी आणखी एक चित्र उमटून गेलेले असते. ते कोणत्या बाजूला होते तेही दाखवायचे. नजर मध्यावरच खिळवली तर कडेचे हुकते, कडेला शोधत बसले तर मधले हुकते. दोन्ही उत्तरे बरोबर आली की पुढच्या खेपेला चित्रे आणखी कमी वेळ दिसतात. त्यातही हात बसला की कडेच्या चित्राभोवती इतर आकृत्यांची गर्दी केली जाते. चुका वाढल्या की खेळ आपणहून थोडा संथ होतो. अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळात हे सगळे घडत असते. थोडक्यात, हा खेळ कधी सोपा होऊच शकत नाही. तुम्ही सुधारलात की तोही तुमच्या एक पायरी पुढे सरकतो. कार्लीन बॉल आणि डॅनियल रेंकर यांनी तो मुळात ज्येष्ठ वाहनचालकांच्या नजरेचा आवाका अभ्यासताना घडवला. त्याचीच सुधारलेली आवृत्ती आज ‘ब्रेनएचक्यू’ या संचात ‘डबल डिसिजन’ या नावाने मिळते.

निकाल असे लागले. सराव संपल्यासंपल्या वेगाच्या गटातल्या ८७ टक्के, तर्काच्या गटातल्या ७४ टक्के आणि स्मरणाच्या गटातल्या २६ टक्के लोकांत खात्रीलायक सुधारणा दिसली. पण प्रत्येकाची सुधारणा आपापल्या विषयात. तर्क शिकलेल्यांचे स्मरण सुधारले नाही, स्मरण शिकलेल्यांचा वेग वाढला नाही. ओवेन यांना दिसले तेच इथेही होते. दहा वर्षांनी पुन्हा तपासले तेव्हा ही मंडळी ब्याऐंशीच्या घरात होती. तर्क आणि वेग यांचा फायदा तेव्हाही टिकून होता. स्मरणाच्या युक्त्यांचा विरून गेला होता. तरीही तिन्ही गटांतल्या सुमारे ६० टक्के लोकांनी स्वयंपाक, औषधे, पैशांचे व्यवहार ही रोजची कामे आपण सुरुवातीइतकीच किंवा त्याहून बरी करतो असे सांगितले. सराव न झालेल्यांत हे प्रमाण ५० टक्के होते. वेग आणि तर्क या दोन गटांतल्या वाहनचालकांच्या हातून त्यांच्या चुकीने झालेले अपघात पुढच्या सहा वर्षांत जवळपास निम्म्यावर आले.

आणि स्मृतिभ्रंश? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात वेगाच्या गटात दहा वर्षांत त्याचा धोका २९ टक्क्यांनी कमी आढळला. त्यावर आक्षेप घेतले गेले, कारण निदान डॉक्टरांच्या तपासणीने झालेले नव्हते. चाचण्यांचे गुण आणि मुलाखती यांवरून ठरवलेले होते. मग २०२६ मध्ये वीस वर्षांच्या वैद्यकीय विम्याच्या नोंदी तपासून निघालेला निष्कर्ष आला. वेगाचा सराव आणि त्याची उजळणी या दोन्ही झालेल्यांत स्मृतिभ्रंशाचे निदान सुमारे २५ टक्क्यांनी कमी होते. उजळणी न झालेल्यांत असा फायदा दिसला नाही, आणि स्मरण व तर्काच्या गटांतही दिसला नाही. या खेळाच्या निर्मात्या संशोधकांचे तो विकणाऱ्या कंपनीशी आर्थिक संबंध होते आणि ते त्यांनी जाहीरही केलेले आहेत. वाचकाने हे लक्षात ठेवावे. तरी वीस वर्षे चाललेली, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी सहज बाजूला सारता येत नाही.

स्मरण सुधारावे म्हणून आलेल्या माणसाला स्मरणाच्या युक्त्यांपेक्षा नजर आणि लक्ष यांच्या खेळाने जास्त हात दिला, हे मला या साऱ्यात सर्वांत विचार करायला लावणारे वाटते. संशोधकांचा अंदाज असा, की युक्ती आठवून वापरावी लागते आणि माणूस ती वापरायचेच विसरतो. वेगाचा सराव मात्र सायकल चालवण्यासारखा अंगात मुरतो. शिवाय तो प्रत्येकाच्या कुवतीप्रमाणे कठीण होत जाणारा होता, हा फरकही मोठा आहे.

शब्दकोडी, पत्ते, गोधडी आणि मोडी

मग शब्दकोडे सोडून द्यायचे का? मुळीच नाही. २०२२ मध्ये कोलंबिया आणि ड्यूक या विद्यापीठांतल्या संशोधकांनी सौम्य बौद्धिक घसरण झालेल्या १०७ लोकांना दीड वर्ष एकतर संगणकावरचे मेंदूचे खेळ दिले, नाहीतर संगणकावरच शब्दकोडी दिली. सगळ्यांचा अंदाज खेळांच्या बाजूने होता, पण सरस ठरली ती शब्दकोडी. ती मध्यम अवघड होती, हातासरशी सुटणारी नव्हती. घसरण सुरू झालेल्यांना शब्द शोधण्याचा सराव आणि ठणठणीत असलेल्यांना वेगाचा सराव, असे सूत्र यातून काढण्याचा मोह होतो. पण एकेका चाचणीवर एवढा भार टाकू नये. मी इतकेच म्हणेन, की शब्दकोडे सोडवत असाल तर सोडवत राहा, आणि ते चहा संपायच्या आत पुरे होत असेल तर त्याहून कठीण शोधा.

पत्त्यांबद्दल मला विशेष आस्था आहे. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या ७५ वर्षांपुढच्या ४६९ लोकांच्या अभ्यासात वाचन, पट किंवा पत्ते खेळणे, वाद्य वाजवणे आणि नाचणे या सवयी असलेल्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळला. यात एक शंका राहतेच: आजार आतून सुरू झाल्यामुळेच काहींनी पत्ते टाकून दिले असतील. म्हणून याला पुरावा म्हणण्याऐवजी मी इशारा म्हणतो. पण आपल्याकडचा तीनशेचार पाहा. बत्तीस पाने; गुलामाचे ३०, नव्वीचे २०, एक्क्याचे ११, दश्शीचे १०, राजाचे ३, राणीचे २, अठ्ठी आणि सत्तीला शून्य. एका रंगाचे ७६, चार रंगांचे मिळून ३०४. हुकूम झाकलेला. पडलेली पाने लक्षात ठेवायची, गुणांची बेरीज मनात चालू ठेवायची, जोडीदाराने टाकलेल्या पानावरून त्याच्या हातात काय असेल ते ताडायचे, आणि समोरचा खोटा आव आणतो आहे का तेही पाहायचे. कुकर, बेल आणि ओटीपी यांच्या वेळी जी ताकद लागते तीच इथे लागते. झब्बू किंवा बदाम सात खेळणाऱ्याने तीनशेचार शिकावा. तीनशेचार मुरलेल्याने ब्रिजकडे वळावे. चार माणसे एकत्र बसतात, वाद घालतात, हसतात, हा लाभ ॲपमध्ये नाही.

नुसत्या सोबतीने मात्र भागत नाही. टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेत डेनिस पार्क यांनी ६० ते ९० वयाच्या २२१ लोकांना तीन महिने, आठवड्याला पंधरा तासांहून अधिक वेळ वेगवेगळ्या कामांना लावले. काही जण डिजिटल छायाचित्रण शिकले, काही संगणकावर चालणाऱ्या शिलाई यंत्रावर नक्षीदार गोधड्या शिवायला शिकले, काही दोन्ही शिकले. एका गटाने नुसत्या गप्पा, सहली आणि ओळखीचे खेळ यांत वेळ घालवला. २०१४ मध्ये आलेल्या निकालात प्रसंग आठवण्याची शक्ती सुधारली ती शिकणाऱ्यांची, विशेषतः छायाचित्रण शिकणाऱ्यांची. गप्पांच्या गटात तेवढा फरक पडला नाही. आपल्या ज्येष्ठ नागरिक संघांनी हे मनावर घ्यावे असे मला मनापासून वाटते. भजन, व्याख्यान, सहल हे सगळे हवे. त्यात एक वर्ग असा असावा की जिथे सगळेच नवखे आहेत.

असा वर्ग कशाचा? मला मोडी लिपी सुचते. बाळबोधीत मुरलेल्या डोळ्यांना मोडी सुरुवातीला अंगावर येते. ओळभर आधी रेघ मारलेली, तिच्याखाली हात न उचलता लिहिलेली अक्षरे, दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. एक अक्षर ओळखायचे, तर मागचा-पुढचा संदर्भ डोक्यात धरूनच. एक ओळ लागली की दुसऱ्या कागदावर दुसऱ्याच कारकुनाचे वळण असते, म्हणजे कठीणपणा आपोआप वाढत जातो. शिवाय कित्येक घरांत आजोबा-पणजोबांचे जमिनीचे कागद मोडीत असतात. ते स्वतःला वाचता येणे ही ओढ ॲपमधल्या सोनेरी चांदण्यांपेक्षा कितीतरी खरी.

नवी भाषाही तशीच. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लाडी यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे त्यांना २०१३ मध्ये दिसले, आणि हा फरक निरक्षर रुग्णांतही होता; म्हणजे ती केवळ शिक्षणाची किमया म्हणता येणार नाही. सोलापूर-बेळगावकडच्या माणसांनी जन्मभर मराठीसोबत कन्नड-तेलुगू वापरली, हे साठलेले धनच आहे. सत्तरीत शिकलेल्या भाषेचा तेवढाच उपयोग होतो असा दावा मात्र कुणी करू नये.

बसायचे कसे, किती, कुठे

सुरुवात चष्म्यापासून. जुन्या नंबरच्या चष्म्याने वेगाचा खेळ खेळला तर हार मेंदूची नसते, डोळ्यांची असते. मोतीबिंदू पिकला असेल तर आधी तो काढून घ्या. कानांचेही तसेच. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवर केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांना घसरणीचा धोका मुळातच जास्त होता अशांना श्रवणयंत्र आणि त्याचे मार्गदर्शन मिळाल्यावर तीन वर्षांतली बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. बाकीच्यांत फरक दिसला नाही. कानाला यंत्र लावायची लाज वाटते म्हणून मोबाइलवर मेंदूचे खेळ खेळणारे लोक मी पाहतो तेव्हा फार वाईट वाटते.

वेगाच्या खेळासाठी मोबाइल पुरत नाही. कडेचे चित्र खरोखर कडेला यायला हवे तर टॅब किंवा संगणक हवा. डोके ताजे असेल ती वेळ निवडा, बहुतेकांची ती सकाळची असते. जेवणानंतरच्या पेंगुळलेल्या वेळेत किंवा झोपण्याआधी खेळू नका. आठवड्यातून तीन दिवस, एका वेळी अर्धा तास, असे सात-आठ आठवडे केलेत तर ‘ॲक्टिव्ह’मधल्या मूळ सरावाइतका सराव होतो. नंतर काही महिने सोडलात तरी चालेल, पण वर्षाने पुन्हा उजळणी करा. ती टाळू नये हे वीस वर्षांच्या नोंदींनी दाखवले आहे. पहिल्या चार-पाच बैठकांत बोट कुठे टेकवायचे तेच कळत नाही आणि गुण कमी येतात. ते गुण तुमच्या मेंदूचे नसतात, यंत्राच्या सवयीचे असतात.

कठीणपणाचा माझा अंदाज असा: दहातली सात-आठ उत्तरे बरोबर यावीत. दहाच्या दहा येऊ लागली तर पायरी चढा. चारवर अडकलात तर उतरा. वहीत तारीख आणि पायरी लिहून ठेवा, शेजाऱ्याशी तुलना करू नका. घरच्यांनीही एक पथ्य पाळावे. आजी अडली की नातू लगेच हातातून टॅब घेऊन ‘असं करायचं गं’ म्हणत स्वतःच करून टाकतो, आणि शिकण्याचा नेमका क्षण निघून जातो. त्याने हात मागे बांधून तोंडाने सांगावे, आणि आजीने चुकावे.

पैशांच्या बाबतीत सावध राहा. फुकट म्हणून घेतलेल्या पुष्कळ ॲपमध्ये दर दोन मिनिटांनी जाहिरात येते आणि ती बंद करायची फुली इतकी बारीक असते की बोट भलतीकडे पडते. खेळात बँकेचा किंवा यूपीआयचा पिन कधीही द्यावा लागत नाही. फसगत झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. वर्गणी भरायची असेल तर आधी एक महिन्याचीच भरा.

आणि खेळासाठी चालणे सोडू नका. फिनलंडमध्ये मिया किविपेल्टो यांच्या पथकाने ६० ते ७७ वयाच्या १,२६० लोकांवर केलेल्या चाचणीत आहार, व्यायाम, मेंदूचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष हे सगळे एकत्र दोन वर्षे चालवले, तेव्हा बौद्धिक चाचण्यांत फायदा दिसला. निकाल २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. ‘लॅन्सेट’च्याच आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. त्यांत रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, ऐकू न येणे, नैराश्य, एकटेपणा, धूम्रपान, बैठी सवय आहे. यांपैकी एकाकडेही दुर्लक्ष करून खेळलेला खेळ तोकडा पडतो.

खेळ बाजूला ठेवून डॉक्टरांकडे

चष्मा कुठे ठेवला ते विसरणे वयाला शोभते. चष्मा कशासाठी असतो याचा गोंधळ होणे, नेहमीच्या रस्त्याने घरी येताना वाट चुकणे, तासाभरात तोच प्रश्न चार वेळा विचारणे, जन्मभर जमलेला बँकेचा व्यवहार किंवा पुरणपोळीचा क्रम अचानक न जमणे, स्वभावच पालटणे ही लक्षणे दिसली तर ॲप शोधत बसू नका. आधी डॉक्टर. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडच्या शाकाहारी ज्येष्ठांत सर्रास असते. थायरॉइड मंदावलेले असते. जोडीदार गेल्यानंतरचे नैराश्य विसरभोळेपणाच्या रूपात येते. यांवर उपचार आहेत, आणि ते वेळेवर झाले तर बराच फरक पडतो. झोपेच्या, सर्दीच्या, लघवीच्या तक्रारीवरच्या काही गोळ्यांनीही डोके जड आणि स्मरण धूसर होते. म्हणून त्या भेटीला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांसकट, एका पिशवीत घालून सोबत न्या. आणि विसरण्याचे प्रसंग रोज जवळून पाहणाऱ्या माणसाला बरोबर घ्या, कारण स्वतः रुग्णाला ते आठवतीलच असे नाही.